तांब्यातलं पाणी चोरून का प्यायचं?

पत्र : डिचोलीहून लिहिते. चार महिन्यांपूर्वी माझ्या मोठ्या जाऊबाईंना अर्धांगाचा झटका आला. बांबोळीच्या इस्पितळात उपचार झाले. बोलणं बऱ्यापैकी परतलं, पण गिळणं बिघडलेलंच आहे. साधं पाणीसुद्धा पावडर घालून, दाट करून चमच्याने द्यावं लागतं. त्यांना भरवून मी स्वयंपाकघरात येते, तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिते आणि मनात येतं, देवा, माझा घसा धड आहे. लगेच शरम वाटते. वहिनींच्या दुखण्यावर मी सुख मानते का? हल्ली माशाचं हुमण, म्हणजे आमची आमटी, केलं की आम्ही दार लोटून जेवतो. खरं तर हुमण करावं ते त्यांनीच. शेजारची बाई मात्र त्यांच्यासमोरच माझ्या मुलीला म्हणते, "बघ, तुला देवाने सगळं दिलंय."

उत्तर : ताई, एक सांगा. उद्या सकाळी वहिनींनी कपाने सरळ चहा प्यायला, तर तुम्हाला वाईट वाटेल? मोगऱ्याची माळ घेऊन शिरगावला लईराई देवीकडे सगळ्यांत आधी तुम्हीच धावाल. मग हे त्यांच्या दुखण्यावरचं सुख कसं?

तुमचं पत्र वाचताना माझ्या हातात चहा होता. गळ्यावर दोन बोटं ठेवून मी घोट गिळून पाहिला. तुम्हीही पाहा. कंठमणी वर उचलला जातो, श्वास थांबतो, श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं, घोट मागच्या नळीत उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू. जेमतेम सेकंदाचा खेळ. साठी उलटली तरी माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. वहिनींचा नेमका हाच मेळ चुकतो. पातळ पाणी दार लागायच्या आत श्वासनलिकेत घरंगळतं. दाट केलं की सावकाश सरकतं, घशाला सवड मिळते. हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या बाईला स्वतःच्या घोटाचं अप्रूप वाटलं नसतं, तरच मला नवल वाटलं असतं.

मला टोचली ती पत्रातली शेवटची दोन-तीन वाक्यं. वहिनींचा घसा बिघडलाय, कान शाबूत आहेत. तुमच्या मुलीला धडा द्यायला त्या खाटेवर पडलेल्या नाहीत. त्या बाईला उंबऱ्याबाहेर गाठा आणि सांगा. गोड शब्दांत जमलं तर गोड, नाहीतर तसंच.

आणि ते लोटलेलं दार. वास काय दाराने अडतो? त्यांना त्रास होईल हे तुम्ही परस्पर ठरवलंत. त्यांना बोलता येतं ना, मग विचारा की, "वहिनी, आम्ही इथे तुमच्याजवळ बसून जेवलो तर चालेल?" नको म्हणाल्या तर नको. आज नको म्हणतील, आठ दिवसांनी हो म्हणतील.

दोन कामं लांबवू नका. भरवण्याआधी आणि नंतर त्यांचे दात, जीभ नीट स्वच्छ करा; तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरं, बांबोळीला पुढच्या खेपेला जाल तेव्हा गिळण्याची तपासणी पुन्हा मागून घ्या. झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं सुधारत जातं. पाणी अजून तेवढंच दाट लागतं का, हे स्पीच थेरपिस्टला बघू दे. तोवर कितीही जीव तुटला तरी साध्या पाण्याचा घोट देऊ नका. भरवताना पाठ सरळ हवी, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

हुमणाचं म्हणाल तर पुढच्या वेळी बांगडे सोडण्याआधी, रस उकळला की वाटी त्यांच्या नाकाशी न्या. तिरफळं कमी पडलीत की सोलं, ते विचारा. काय म्हणाल्या ते मला कळवा. माझ्या हुमणालाही कोणीतरी नाक लावायला हवंय.