खाटेची घडी आणि माणसाची कंबर
वाचकांचे प्रश्न : घरातली रुग्णसेवा

घरी झोपून असलेल्या रुग्णांसाठी लागणाऱ्या हँडलच्या आणि मोटरच्या खाटांबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

वडील ७६ वर्षांचे. अर्धांगवायूमुळे उजवी बाजू लुळी आहे. डॉक्टरांनी 'फाऊलर बेड घ्या' एवढंच सांगितलं. दुकानदार मात्र पाच फंक्शनचा मोटरचा बेड गळ्यात मारू पाहतोय. नेमकं काय घ्यावं? (सातारा)

दुकानातली भाषा आधी समजून घ्या. सेमी-फाऊलर म्हणजे फक्त पाठीचा भाग उचलणारी खाट, तिला पायथ्याशी एकच हँडल असतं. फुल फाऊलरला दोन हँडल असतात, एक पाठीचं आणि एक गुडघ्यांचं. तीन फंक्शनच्या खाटेत यात पूर्ण खाटेची उंची कमी-जास्त करण्याची सोय येते, तिला 'हाय-लो' म्हणतात. पाच फंक्शनमध्ये सबंध खाट डोक्याकडे किंवा पायाकडे तिरपी करता येते. डोकं खाली, पाय वर ही स्थिती घरी सहसा लागत नाही आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरूही नये. उलट तिरपी, म्हणजे न वाकवता डोक्याकडून उंच, ही सोय ज्यांना कंबरेत वाकायची मनाई आहे त्यांच्या कामाची असते. तुमच्या वडिलांना तिची गरज दिसत नाही.

सेमी-फाऊलर घेऊ नका. किमतीतला फरक थोडा असतो, पण गुडघ्याचं हँडल नसेल तर माणूस खाली घसरत राहतो. का, ते पुढच्या उत्तरात आहे. खरा निर्णय फुल फाऊलर की हाय-लो एवढाच आहे, आणि तो रुग्णाकडे बघून घेण्याऐवजी सेवा करणाऱ्याकडे बघून घ्यावा. साध्या फाऊलर खाटेची उंची गादीसकट साधारण २४ ते २६ इंच भरते. अंग पुसायला, डायपर बदलायला ही उंची कमी पडते. ते काम सेवा करणाऱ्याच्या कंबरेच्या उंचीला व्हावं, नाहीतर महिन्याभरात त्यांचीच पाठ धरते. उलट रुग्णाला कडेला पाय सोडून बसवायचं तर तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि त्यासाठी हीच उंची जास्त होते. एका उंचीत दोन्ही कामं बसत नाहीत. आई एकटीच सगळं करणार असेल आणि वडिलांना रोज खुर्चीत बसवायचं असेल, तर हाय-लोवर केलेला खर्च सार्थकी लागतो. दोन धडधाकट माणसं हाताशी असतील तर फुल फाऊलर पुरतो. पाय टेकायला रुंद, न डगमगणारा पाट ठेवा.

मोटर हवीच असं नाही. रुग्णाला स्वतः बटण दाबून उठून बसता येत असेल, तर मोटरमुळे त्याला पुष्कळ मोकळीक मिळते. घ्यायची ठरल्यास तीन गोष्टी विचारा : वीज गेल्यावर बॅटरीवर चालते का, पाठ झटकन आडवी करायची वेगळी कळ आहे का, आणि रिमोट बंद करून ठेवायचं कुलूप आहे का. या मोटरी सलग चालवण्यासाठी नसतात. बऱ्याच मोटरींवर २ मिनिटं चालवून १८ मिनिटं विश्रांती असं छापलेलं असतं. नातवंडांनी खेळ मांडला की मोटर तापून थांबते आणि घरचे समजतात बिघडली.

खाट खोलीत ठेवताना दोन्ही बाजूंनी फिरायला जागा हवी. एक बाजू भिंतीला लावावीच लागली, तर वडिलांची डावी, म्हणजे चांगली बाजू मोकळी ठेवा. खुर्चीत घेताना त्या बाजूने उतरवणं सोपं जातं.

सासूबाईंना टेकून बसवलं की अर्ध्या तासात त्या घसरून पायथ्याशी जातात. दिवसातून पाच-सहा वेळा काखेत हात घालून वर ओढतो. आता माकडहाडापाशी लाल झालंय. खाटेत दोष आहे का? (डोंबिवली)

दोष बहुधा खाटेत नाही, झोपवण्याच्या जागेत आहे. खाट जिथे मोडते, त्या घडीवर रुग्णाचा खुबा आला पाहिजे. आपण उशीच्या हिशेबाने झोपवतो, म्हणून माणूस वीतभर खाली राहतो. मग पाठीची फळी उचलली की शरीर खुब्यात न वाकता बरगड्यांखाली वाकतं, पोट दबतं, मान पुढे येते आणि सगळं वजन माकडहाडावर येऊन माणूस सरकू लागतो.

सरकताना कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली जातं. मधल्या मऊ भागातल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन पिळवटतात. वरून नुसती लाली दिसते, तेव्हा आत इजा सुरू झालेली असू शकते. काखेत हात घालून ओढलं की तेच उलट दिशेने घडतं, शिवाय खांदा निखळायची भीती. अर्धांगवायूच्या रुग्णाला तर असं कधीच ओढू नये.

हा त्रास जुनाच आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जॉर्ज फाऊलर यांनी १९०० साली पोटात पू झालेल्या रुग्णांना डोकं-धड उंच ठेवायची पद्धत मांडली, त्यावरून खाटेला नाव पडलं. १९०९ मध्ये अमेरिकेतलेच शल्यविशारद विलिस गॅच यांनी गुडघ्यापाशीही मोडणाऱ्या खाटेचं वर्णन केलं. आपल्याकडे ते दुसरं हँडल वर्षानुवर्षं न फिरवता गंजतं.

क्रम असा ठेवा. खाट पूर्ण सपाट करा. खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पुरेल अशी आडवी चादर दुहेरी करून रुग्णाच्या खाली कायम ठेवा. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून ती अंगाजवळ गुंडाळून धरायची आणि एका तालात वर सरकवायचं, ओढायचं नाही. खुबा घडीवर आला की आधी गुडघ्यांचं हँडल फिरवून गुडघे थोडे उचला, मग पाठ उचला. सपाट करताना आधी पाठ, मग गुडघे. पाठ उचलून झाल्यावर रुग्णाला किंचित पुढे झुकवून पाठ गादीपासून क्षणभर सुटी करा आणि पुन्हा टेकवा. ताणलेली कातडी त्याने मोकळी होते. दहा सेकंदांचं काम, पण फार कमी घरांत होतं.

पाठ किती उचलायची? एरवी ३० अंशांपर्यंत. कोन मोजायची युक्ती सोपी आहे. पाठीच्या फळीची लांबी मोजा. फळीचं वरचं टोक लांबीच्या निम्म्याने वर आलं की ३० अंश झाले. फळी २८ इंची असेल तर टोक १४ इंच वर. ४५ अंशांना तेच टोक सुमारे २० इंच वर येतं. एकदा मोजा, तिथवर हँडलचे किती फेरे होतात ते लिहून पायथ्याच्या पट्टीवर चिकटवा. मग रात्रपाळीच्या मावशींनाही विचारावं लागत नाही. नाकातल्या नळीने अन्न देताना मात्र ३० ते ४५ अंश हवेतच आणि नंतरही अर्धा ते एक तास तसंच ठेवायचं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जातं. तोंडाने जेवणाऱ्याला आणखी ताठ बसवा. तेवढा वेळ झाला की खाली आणा. दिवसभर अर्धवट टेकवून ठेवणं कातडीला सगळ्यात महागात पडतं.

आता ती लाली. बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून पुन्हा लाल झालं, तर भार हटवल्यावर ती सहसा जाते. दाबूनही तशीच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे झोपून राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे, डॉक्टरांना किंवा नर्सला दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा जांभळट लागतं का ते पाहा. त्या जागेवर मालिश नको, आणि मधे भोक असलेली रबरी रिंगही नको : ती मधला भाग अधांतरी ठेवते, पण कडेने रक्तपुरवठा दाबते. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण कुशीवर न करता पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली लांबीच्या दिशेने उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायला विसरू नका.

वॉटर बेड आणि एअर बेड यांतलं चांगलं कोणतं? एअर बेड लावला की कूस बदलायची गरज उरत नाही असं सांगतात. (नांदेड)

उरते. एअर बेड कूस बदलायला मदत करतो, तिची जागा घेत नाही.

पाण्याची गादी वाकणाऱ्या खाटेवर निरुपयोगी ठरते. पाठ उचलली की पाणी खाली जमतं. पंपावर चालणाऱ्या एअर बेडमध्ये एकाआड एक कप्पे साधारण दर दहा मिनिटांनी फुगतात आणि बसतात, त्यामुळे दाब एका जागी राहत नाही. हा बेड खाटेच्या चार इंची फोमच्या गादीवर अंथरायचा, तिच्याऐवजी नाही. वीज गेली, पंक्चर झालं, तर खाली फोम असतो. एअर बेडची दोन्ही टोकं गादीखाली घट्ट खोचा आणि पंप पायथ्याच्या पट्टीला अडकवा. नळ्या खाटेच्या बाजूने न्या. पाठीची फळी खाली येताना नळी चौकटीत चिमटली की अर्धा बेड बसतो.

पंपाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावा, मग हाताने तपासा. रुग्ण झोपलेला असताना एअर बेड आणि फोम यांच्यामध्ये तळहात सरकवून माकडहाडाखाली न्या. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. साधारण इंचभर गादी मधे जाणवली पाहिजे. हीच तपासणी पाठ उचलून परत करा, कारण त्या वेळी भार बैठकीवर एकवटतो. वर एकच सुती चादर, तीही सैल. मेणकापड, गोधडी आणि वर डायपर असे थर चढवले की खालचा बेड फुगो न फुगो, सारखंच.

वापरलेली खाट मिळतेय. हँडल फिरवताना खडखड येतो. घ्यावी का? (कोल्हापूर)

रिकाम्या खाटांची हँडलं सगळीच छान फिरतात. घरच्या कुणा धडधाकट माणसाला तिच्यावर झोपवा आणि दोन्ही हँडल टोकापर्यंत नेऊन परत आणा. खाली आट्यांचा लांब रॉड आणि त्यावर सरकणारा नट असतो. टोक आल्यावरही जोर लावून फिरवत राहिलं की आटे झिजतात, मग भार पडताच पाठ धक्क्याने खाली येते. अशी खाट घेऊ नका. हँडल नुसतंच गरगर फिरत असेल आणि रॉड हलत नसेल, तर बहुधा जोडाची पिन तुटलेली असते, तो दुरुस्तीचा किरकोळ मामला. कोरडा खडखडाट रॉड पुसून ग्रीस लावल्यावर जातो. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ धरते.

बिजागरीपाशी वेल्डला चीर आहे का आणि पायांच्या सांध्यांना गंज खाल्लाय का ते पाहा. ब्रेक लावून खाट जोरात ढकलून बघा. गुळगुळीत फरशीवर एकच ब्रेक लागत असेल तर रुग्णाला उतरवताना खाट मागे सरकते. वरचा भाग सलग पत्र्याचा असेल तर त्याला हवेसाठी भोकं हवीत. गादी जुनी काथ्याची असेल तर ती बदला, ती घडीवर वाकत नाही, कमान धरते. घरची कापसाची गादी गोळा होते. खाटेच्या घड्यांप्रमाणे तुकडे जोडलेली फोमची गादीच घ्या.

गरज दोन-तीन महिन्यांची असेल, उदाहरणार्थ खुब्याचं ऑपरेशन, तर विकत घेऊच नका. बहुतेक शहरांत सेवाभावी संस्थांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत रकमेवर आणि नाममात्र भाड्यावर खाट देतात.

आई रात्री रेलिंगवरून उतरायला बघते. रेलिंगला उशा बांधू का, की हात बांधावे? (ठाणे)

हात बांधू नका. विस्मरणाच्या रुग्णाला रेलिंग कुंपणासारखं वाटतं, आणि वरून चढून पडलं तर पडणं जास्त उंचावरून होतं. चालता येणाऱ्या माणसाची रात्री पायाकडची रेलिंग उघडी ठेवणं बऱ्याचदा जास्त सुरक्षित असतं. खाट शक्य तितकी खाली करा, खाली जाड सतरंजी नको (पाय अडकतो), रात्रीचा दिवा लावा आणि झोपण्याआधी शौचाला नेऊन आणा. रात्री उठण्यामागे बहुतेकदा तेच कारण असतं.

रेलिंगच्या फटी टेपने मोजा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ च्या मार्गदर्शनात रेलिंगच्या दांड्यांमधली, तसंच रेलिंग आणि गादी यांमधली फट १२० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पावणेपाच इंचांपेक्षा कमी ठेवायला सांगितलं आहे, कारण त्याहून मोठ्या फटीत डोकं अडकू शकतं. गादी खाटेपेक्षा अरुंद असेल तर ही फट आपणच तयार करतो. आणि एअर बेड चढवला की रेलिंग तितकीच बुटकी होते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

घरच्याच दिवाणाला सुताराकडून पाठ उचलायची फळी बसवली तर? (रत्नागिरी)

थोड्या दिवसांसाठी, ज्याला स्वतः सरकून बसता येतं अशा माणसाला चालेल. बिजागरी खुब्याच्या जागी येईल असं मापाने लावा आणि टेकू दोन्ही बाजूंना द्या, एका टेकूवर फळी पिळवटते. पूर्ण झोपून असलेल्याला नको : गुडघे उचलायची सोय नाही, आणि पेटीच्या दिवाणाखाली पाय जात नसल्यामुळे सेवा करणाऱ्याला लांबूनच वाकावं लागतं.

खाट दारातून आत येईल का? (पुणे)

खाट साधारण साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असते, फ्लॅटचं आतलं दार बऱ्याचदा अडीच फुटांचं. सुटी होणारी खाट मागा आणि डोक्याकडचं-पायाकडचं पॅनल काढून, चौकट उभी कडेवर धरून आत न्या. पण लिफ्टची उंची आणि जिन्याचं वळण आधी मोजा. जोडणी माणूस पाठवून करून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि खाट गेल्यावर तुमच्या बाथरूमचं दार उघडतं ना, तेही बघा.