सायकलीच्या सवलतीआधी करप्रणाली बघा

प्रश्न: वय ३४, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी, पगार वर्षाला ९ लाख. घर वडिलांचं, पाथर्डी फाट्याला. पत्नी आणि एक मुलगी माझ्यावर अवलंबून. रोजचं जाणं-येणं १६ किलोमीटर. कंपनीच्या ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांना कामावर जायला सायकल घेतली की करात सवलत मिळते. मी ४२ हजारांची ई-सायकल बघितली आहे. दुकानदार म्हणतो, कर्जावर घ्या, व्याजाची वजावट मिळेल. मिळेल का? करबचतीसाठी वर्षाला १ लाख हप्त्याची एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) आहे, दोन हप्ते भरलेत, २० वर्षांनी दुप्पट मिळतील. पीएफमध्ये ५० हजार जातात. या दोन्हींची वजावट मिळावी म्हणूनच जुनी करप्रणाली ठेवली आहे.

उत्तर: मिळणार नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ही सोय आहे. कंपनी सायकल घेऊन कर्मचाऱ्याला भाड्याने देते आणि भाडं कर कापण्याआधीच्या पगारातून वळतं करते. आपल्याकडे तशी योजना नाही. दुकानदार सांगतो ती वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या ई-वाहन कर्जापुरतीच होती. ते माहीत नसताना लोकांना कर्जात ढकलू नये.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मात्र मला जास्त खटकलं. ९ लाखांतून प्रमाणित वजावटीचे (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) ५० हजार आणि ८०सीचे, म्हणजे पॉलिसी आणि पीएफ मिळून, दीड लाख गेले, तरी ७ लाखांवर कर बसतो. उपकर धरून साधारण ५४,६०० रुपये. नव्या प्रणालीत ८०सी नाही, पण प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वजा होऊन सव्वाआठ लाख उरतात आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. म्हणजे कर वाचवायला तुम्ही लाखाचा हप्ता भरताय आणि त्यापायी वर साडेचोपन्न हजार कर भरताय. तुमची ई-सायकल यात दरवर्षी येईल! उद्या ब्रिटनसारखी योजना इथे आली, तरी शून्य करावर सवलत कसली मिळणार?

आणि ते ‘दुप्पट’. वर्षाला लाख याप्रमाणे २० वर्षांत २० लाख भरून ४० लाख, म्हणजे जेमतेम ६ टक्के. पीपीएफच्या (सरकारी भविष्य निर्वाह बचत खातं) सध्याच्या ७.१ टक्के दराने तेवढ्याच पैशांचे ४४ लाख होतात. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं कमिशन पॉलिसीत आहे. विमा म्हणूनही ती तोकडी आहे. आधी १ कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या, हप्ता साधारण १२-१५ हजार. तो मंजूर झाल्यावरच विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारी) आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता ठेवली तर मुदतीनंतर मिळणारी), दोन्ही रकमा लेखी मागवा. तिसरा हप्ता भरू नका.

सायकल जरूर घ्या, पण साधी गिअरची, १५ हजारांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. मोटरसायकलचं पेट्रोल तुम्हाला महिन्याला ८०० च्या घरात पडत असेल; पावसाळा सोडला तरी वर्षाला सहा-सात हजार वाचतात. साधी सायकल दोन-अडीच वर्षांत वसूल होते, ई-सायकलला सहा-सात वर्षं लागतील आणि मध्येच बॅटरीचा खर्च निघेल.

एचआरला याच आठवड्यात नवी प्रणाली कळवा. त्यांनी नकार दिला तर मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडा, कापलेला कर परत मिळेल.