सातवीत गुण घसरले, म्हणून लगेच क्लास नको

ताई, तुमची लेक सहावीपर्यंत पहिल्या पाचांत होती, आता सहामाहीत गणित घसरलं, सकाळी उठवत नाही, बोललं की फटकन उलट उत्तर. म्हणून सिडकोहून गंगापूर रोडचा संध्याकाळी ७ ते ९ चा क्लास लावावा का, असं विचारलंत. मी नाशकात सहावी ते आठवीला बावीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या मते क्लास आत्ता नको. आधी तिची रफ वही उघडा.

सातवीत बैजिक राशी (अंकांसोबत अक्षरं असलेली गणितं) येतात आणि सहावीतलं कच्चं राहिलेलं तिथे उघडं पडतं. एका मुलीने ५अ − ८अ चं उत्तर सगळीकडे ३अ लिहिलं होतं. मी विचारलं, "खिशात ५ रुपये आहेत आणि दुकानदाराचं ८ रुपये देणं आहे. दिलेस तर?" ताडकन म्हणाली, "३ रुपये उधारी." तिला येत होतं हो! उधारी म्हणजेच उणे, एवढंच तिला कधी कुणी दाखवलं नव्हतं. ती मोठ्यातून लहान वजा करायची जुनी सवय चालवत होती. अशा मुलीला दोन तासांच्या क्लासमध्ये आणखी चाळीस गणितं दिली, तर चूक चाळीस वेळा पक्की होते.

आता झोप. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहाला आडवी झाली तरी डोळा लागत नाही. हा सगळाच आळस नाही (मोबाइल उशाशी असेल तर तो मात्र बाहेरच्या खोलीत ठेवा, आणि तुमचाही). बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि पुढे अठरापर्यंत ८ ते १० तास झोप लागते. सकाळची शाळा, सहाला उठणं, रात्री नऊला क्लास सुटणार, मग जेवण, गृहपाठ. बेरीज तुम्हीच करा. २०२४ मध्ये शासनाने सकाळी ९ च्या आधी शाळा नको असं सांगितलं, पण चौथीपर्यंतच. खरी गरज या सातवी-आठवीच्या मुलांना होती!

पाळी सुरू झाली असेल आणि सारखी दमत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती खाल्ली जाते की बेंचखाली जाते, तेही विचारा.

उलट बोलण्याबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचायचे. एका मुलाने त्यानंतर वर्षभर हात वर केला नाही. चुकण्यापेक्षा कोरा पेपर त्याला बरा वाटे. या वयात चार मित्रांसमोर पडलेलं तोंड आईबापांच्या रागापेक्षा जड असतं. म्हणून "आत्याची मुलगी बघ" हे घरात बंद करा. बोलायचं तर स्कूटीवर मागे बसलेली असताना बोला. समोरासमोर बसवलं की मुलं गप्प होतात, मागे बसली की बरंच बोलतात.

पंधरा दिवस रोज फक्त पाच गणितं, जेवणाआधी. उत्तर चुकलं तर खोडू नका, "कसं केलंस ते सांग" एवढंच म्हणा. तरीही त्याच जागी अडत असेल तर रफ वही घेऊन तिच्यासकट तिच्या गणिताच्या बाईंना भेटा. क्लासची चौकशी त्यानंतर.