आधी प्रक्षेत्र बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. आठ कॉलेजं, प्रत्येकापुढे फी, हॉस्टेल, घरापासूनचं अंतर, मागच्या वर्षीचा कटऑफ. पण एकाही नावापुढे प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची स्वतःची शेती, किती एकर आणि सध्या त्यात काय उभं आहे, ते नाही. मग तू निवडते आहेस काय, इमारत?

'विस्तार शिक्षणासाठी, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याच्या विषयासाठी, कुठलं चांगलं' हा प्रश्न चार वर्षं आधी विचारलास. तो विषय घेऊन पदवी एम.एस्सी.ला करायची, आत्ता तुला बी.एस्सी. कृषीलाच जायचं आहे. राहुरी, अकोला, परभणी की दापोली, हा वाद काकांना घालू दे. चारही कृषी विद्यापीठं 1968 ते 1972 मध्ये झाली, कारण कोकणातला भात-आंबा आणि विदर्भातला कापूस-संत्रा एका ठिकाणी बसून सांभाळणं शक्य नव्हतं. अभ्यासक्रम मात्र कागदावर जवळपास सारखाच. फरक पडतो तो प्रक्षेत्रावर. म्हणून आधी प्रक्षेत्र बघ.

पिकावरच्या बुरशीसाठी फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण घे: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. हे रात्रीतून पाठ होतं. पण चुना हवा लागून मेलेला असला तर? बागायतदार विळ्याचं पातं द्रावणात बुडवतो. तांबूस पुट चढलं की चुना कमी पडला, म्हणून आणखी चुन्याची निवळी ओततो. ज्याने हे स्वतःच्या हाताने केलेलं नाही, त्याने शेतकऱ्यासमोर फलक लावून उभं राहू नये.

शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांबरोबर काम करत शिकायला, गावात राहायचं असतं. वरच्या वर्गातल्या मुलींना आडून विचार, खरंच राहिलात की बॅनरपुढे फोटो काढून संध्याकाळच्या गाडीने परत? उत्तरापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे बघ.

मामा म्हणतात, विस्तार हा नंबर न लागलेल्यांचा विषय. मलाही हेच ऐकवलं होतं. कृषिविद्या (पीक घेण्याचं शास्त्र) मिळत असताना मी विस्तार घेतला. बरोबरीचे कंपन्यांत गेले, बंगले बांधले. मी एसटीने फिरलो. खंत आहे ती पुढच्या वर्षांची. अहवाल आणि बैठकांनी ती खाल्ली, आणि ज्या गावांत मला नावाने हाक मारायचे तिथे जाणं तुटलं. निवडीबद्दल मात्र एक शब्द ऐकून घेणार नाही. ज्यांनी हिणवलं, त्यांचीच पोरं आज ठिबकच्या अनुदानाचा अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. असो, हे तुला सांगायचं कारण नव्हतं.

तर पहिल्या तीन कॉलेजांना जाऊन ये. कामाच्या दिवशी, सकाळी आठला. कार्यालयात शिरू नकोस, ते माहितीपत्रक देऊन वाटेला लावतील. थेट प्रक्षेत्रावर जा. तिथल्या मजूर बायकांना विचार, पोरं चिखलात उतरतात का, की बांधावरूनच हजेरी लावून जातात. शेजारी कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे शेतकऱ्यांना प्रशिक्षण आणि सल्ला देणारं केंद्र, असेल तर तिथे शेतकऱ्यांची ये-जा किती, तेही बघ.

मग मला फोन कर. फीचं त्यानंतर बोलू.