'हक्कसोडावर सही कर' म्हणतात. माहेरच्या जमिनीत माझा हिस्सा उरतो का?

प्रश्न : माझं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटी भागात, सासर चंदगड तालुक्यात. लग्न 1993 साली झालं. वडील 2011 मध्ये वारले. मृत्युपत्र केल्याचं कुणी सांगितलेलं नाही. आजोबांपासून आलेली 4 एकर 20 गुंठे जमीन, वडिलांनी 1989 मध्ये खरेदी केलेला 1 एकर आणि गावातलं घर एवढी मिळकत आहे. 2012 मध्ये दोन्ही भावांनी वारसा वर्दी (वारसांची लेखी खबर) देऊन उताऱ्यावर स्वतःची आणि आईची नावं लावली, माझं लावलं नाही. आता जमिनीला गिऱ्हाईक आलंय. थोरला भाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतो, सब-रजिस्ट्रार ऑफिसला येऊन हक्कसोडावर सही कर. तुझं लग्न 94 च्या आधीचं, तुला हक्क नाहीच, फक्त गिऱ्हाईकाच्या वकिलाला कागद हवाय. महाराष्ट्रातल्या माणसाच्या नावावर इकडची जमीन होत नाही, असंही म्हणतो. कागद सगळे कन्नडमध्ये, मला वाचता येत नाहीत. वडील जाऊन बारा वर्षं उलटली. भावाशी वाईटपणा नको, पण फसायचंही नाही. काय करू?

उत्तर : ताई, सध्या कुठल्याही कागदावर सही करू नका. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर, कोऱ्या वकीलपत्रावर तर नाहीच नाही. हक्क नसलेल्या माणसाकडून हक्क सोडून घ्यायची गरज कुणाला पडत नाही. गिऱ्हाईकाच्या वकिलाने तुमची सही मागितली, कारण ती नसली तर खरेदी कच्ची राहते हे त्याला कळतं.

'94 च्या आधीचं लग्न' ही गोष्ट भावाने हवेतून आणलेली नाही. कर्नाटकाने हिंदू वारसा कायद्यात स्वतःची दुरुस्ती करून 30 जुलै 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. बेळगाव जिल्ह्यात आजही अनेक तलाठी, बाँड रायटर आणि जुनी मंडळी तोच नियम सांगतात. तो नियम आता चालत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राचा दुरुस्ती कायदा लागू झाला आणि त्यात लग्नाची अट नाही. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो आणि 2005 साली वडील हयात असण्याचीही गरज नाही. तुमचे वडील तर 2011 पर्यंत होते. लग्नात सोनं दिलं, मांडव मोठा घातला, तरी तो खर्च हिश्श्यात वळता होत नाही. आणि वारसाहक्काने जमीन मिळायला वारस कर्नाटकातच राहायला हवा असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

तुमचा हिस्सा किती, ते आधी मांडून घेऊ. वडिलोपार्जित 4 एकर 20 गुंठे म्हणजे 180 गुंठे. वडील वारले त्या क्षणी कायदा कागदावर एक वाटणी गृहीत धरतो : वडील, आई, दोन भाऊ आणि तुम्ही, असे पाच वाटे, प्रत्येकी 36 गुंठे. मग वडिलांचे 36 गुंठे आई, दोन भाऊ आणि तुम्ही अशा चौघांत, म्हणजे प्रत्येकी 9. तुमचे झाले 45 गुंठे, 1 एकर 5 गुंठे. वडिलांच्या स्वकष्टार्जित एकरात चौघांचे सरळ चार वाटे, तुम्हाला 10 गुंठे. दोन्ही मिळून 1 एकर 15 गुंठे. त्यात खराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, असेल तर तो वजा जाता. घरातही चौथा हिस्सा. राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येत नाही, हे जुनं कलम 2005 मध्येच काढून टाकलं आहे. उद्या भावांनी वडिलांचं मृत्युपत्र पुढे केलं, तरी वडिलांना स्वतःच्या वाट्यापलीकडे देता येत नाही. वडिलोपार्जित जमिनीतले तुमचे 36 गुंठे शाबूत राहतात.

खरा धोका दुसरीकडे आहे आणि तिथे नीट पाहा. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी नवा कायदा मोडत नाही, पण ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाटण्या झाल्या त्या तलाठ्याकडे वाटणीची वर्दी देऊन. पाच रुपयाच्या कागदावर सह्या, गावकामगार पाटलाची साक्ष, आणि उताऱ्यावर हिस्से वेगळे. अशी वर्दीवाटणी एकट्याने पुरेशी नाही. विनीता शर्मा निकालात तोंडी वाटणी अपवाद म्हणूनच मान्य होईल, तीही सरकारी कागदांनी पक्की शाबीत झाली तर, असं म्हटलंय. म्हणून वडिलांच्या हयातीत, 2004 च्या आधी, मुलांच्या नावे अशी वर्दी झाली होती का, हे कळल्याशिवाय कुणी तुम्हाला 'केस शंभर टक्के आपली' म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. तसंच ती जमीन मुळात कुळाची होती आणि भूसुधारणा कायद्यात अर्ज करून एकट्या भावाच्या नावे झाली असेल, तर ती सगळ्या कुटुंबासाठी होती हे वेगळं शाबीत करावं लागतं.

त्यासाठी कागद. कर्नाटकाच्या जमीन नोंदींच्या 'भूमी' संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला महसुली विभाग), गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की उतारा दिसतो. सही-शिक्क्याची प्रत नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीत, मिळते. कन्नड वाचता येत नसलं तरी रकाना नंबर 9, 10 आणि 11 ओळखायला शिका. नऊमध्ये मालकांची नावं आणि क्षेत्र, दहामध्ये नाव कशामुळे लागलं त्याचा एम. आर. (फेरफार नोंदीचा) नंबर, अकरामध्ये सोसायटी-बँकेचं कर्ज आणि इतर बोजे. दहाव्या रकान्यातला 2012 चा एम. आर. नंबर घेऊन तहसील कचेरीत त्या फेरफाराची संपूर्ण फाईल नकलेसाठी मागा : वर्दीचा अर्ज, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, नोटीस बजावल्याचा कागद. वंशावळीत तुमचं नाव गाळलेलं असेल तर तो तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे, कारण त्यावर भावाची शपथेवरची सही असते. नाव दाखवून 'हक्क सोडला' असं लिहिलं असेल, तर खाली कुणाची सही किंवा अंगठा आहे ते बघा.

दस्त नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावरून किंवा सब-रजिस्ट्रार ऑफिसातून त्याच सर्व्हे नंबरचा बोजा दाखला, म्हणजे ईसी, निदान 30 वर्षांचा काढा. त्यात नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. नोटरी केलेलं संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन केलेला करार, दिसणार नाही, म्हणून ईसी कोरी आली तरी सौदा झालेला नाही असं समजू नका. जमिनीचा तुकडा विकायचा असेल तर आधी त्या तुकड्याचा भूमापन खात्याने काढलेला अकरा-ई नकाशा लागतो. त्यासाठी अर्ज झालाय का, हे भूमापन खात्यात विचारलं की सौदा किती पुढे गेलाय ते कळतं. घरासाठी ग्रामपंचायतीतून ई-स्वत्तूचे (गावठाण मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म 9 आणि 11 घ्या. 1956 च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे आजोबांच्या वेळचे फेरफार मराठीत, क्वचित मोडीतही सापडतात. जमीन वडिलोपार्जित आहे हे त्यांनीच शाबीत होतं, तेव्हा ती नक्कल विसरू नका.

उताऱ्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. ती महसूल वसुलीसाठीची नोंद आहे. 2012 च्या नोंदीविरुद्ध असिस्टंट कमिशनर, म्हणजे प्रांतांकडे, कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम 136 खाली अपील करता येतं. मुदत आदेश कळवल्यापासून किंवा नोंद कळल्यापासून 60 दिवसांची. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागावी लागते. पण माझं स्पष्ट मत असं, की सौदा तोंडावर असताना फक्त या अपिलावर विसंबू नका. हक्काचा वाद दिसला की महसूल अधिकारी 'दिवाणी कोर्टात जा' असं लिहून मोकळे होतात आणि तोवर जमीन विकून होते.

बारा वर्षांची भीती बाजूला ठेवा, पण निष्काळजीही राहू नका. सहहिस्सेदाराचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बारा वर्षं मोजायला लागतात ती तुम्हाला उघडपणे बाहेर काढल्याचं, हक्क नाकारल्याचं तुम्हाला समजल्यापासून. नुसत्या उताऱ्यावरच्या नोंदीपासून नाही. भावाचा 'तुला हक्क नाही' हा संदेश मात्र अशा नकारासारखा वाचता येतो, आणि 'हक्कसोड दे' हा त्याच संदेशातला भाग हक्काच्या कबुलीसारखा. दोन्ही जपून ठेवा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमचे वकील करतील.

आता क्रम. सब-रजिस्ट्रारकडे हरकतीचा अर्ज दिला की खरेदी थांबते, असा आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मालकी कुणाची हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर दस्त नोंद होतोच, आणि नोंद झाली की तिथूनच भूमीकडे माहिती जाऊन फेरफार सुरू होतो. उपयोग होतो तो गिऱ्हाईकाला रजिस्टर पोस्टाने लेखी कळवल्याचा, आणि बेळगावात निघणाऱ्या एका मराठी व एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस दिल्याचा. मग त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. सर्व्हे नंबर आणि क्षेत्र नोटिशीत बरोबर लिहा, चुकीच्या नंबरची नोटीस कामाची नाही.

सौदा लांब असेल तर भावाला आधी वकिलाची नोटीस द्यायला हरकत नाही. महिन्या-पंधरा दिवसांत खरेदी होणार असेल तर नोटिशीत वेळ घालवू नका. अशा दाव्याआधी नोटीस सक्तीची नाही, आणि ती मिळताच भाऊ खरेदी उरकून घेईल. सरळ वाटणीचा दावा आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दावा जमीन जिथे आहे तिथल्या, म्हणजे खानापूरच्या न्यायालयात. चंदगडच्या कोर्टात चालणार नाही. माहेरची थोडी जमीन चंदगड हद्दीतही असेल, जसं सीमेवरच्या बऱ्याच घरांत असतं, तर ती त्याच दाव्यात घालता येते. सगळ्या मिळकती आणि सगळे हिस्सेदार दाव्यात आले पाहिजेत. आईला प्रतिवादी करायला मन धजत नाही, घर राहू दे असं वाटतं, आणि मग अर्धवट वाटणी म्हणून दावा अडकतो. कोर्ट फी किती बसेल, हे दाव्यात 'आम्ही एकत्र कब्ज्यात आहोत' लिहिता की 'मला बाहेर काढलंय' लिहिता यावर ठरतं. पहिल्यात ती ठराविक आणि थोडी असते, दुसऱ्यात हिश्श्याच्या बाजारभावावर. म्हणून दाव्यातलं ते वाक्य वकिलाकडून मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

दावा चालू असताना भावांनी विकलीच, तरी खरेदीदार निकालाला बांधील राहतो. तुमचा हिस्सा तुमच्या सहीशिवाय त्याला मिळत नाही. पण थोरला भाऊ 'मी कर्ता (एकत्र कुटुंबाचा प्रमुख), घरच्या गरजेसाठी विकली' असा बचाव घेईल, हे गृहीत धरून ठेवा. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात हिस्से ठरतात. मग एफडीपीत, म्हणजे अंतिम हुकूमनाम्याच्या कामात, प्रत्यक्ष मोजणी. शेतसारा बसलेल्या जमिनीची वाटणी डेप्युटी कमिशनर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. याला वर्षं लागतात, ते आधीच मनाशी धरा.

भावाशी वाईटपणा नको म्हणता, तर तडजोडीचीही वाट आहे, आणि ती दावा घातल्यावर जास्त नीट निघते. लोक अदालतीत झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. तुमचा 1 एकर 15 गुंठ्यांचा हिस्सा पोडी (मोजून पोटहिस्सा) करून वेगळा घेता येईल, किंवा पैसे घेऊन हक्क सोडता येईल. पैसे घेणार असाल तर पूर्ण रक्कम दस्तात आकड्यात आणि अक्षरात, डीडी किंवा आरटीजीएसचा नंबर त्याच दस्तात, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही. 'प्रेमापोटी, मोबदला न घेता' असं लिहून पैसे नंतर हातात देतो म्हणाले, तर ते मागायला तुमच्याकडे कागद उरणार नाही. दस्त कन्नडमध्ये असेल तर एक दिवस आधी प्रत मागून घ्या आणि भावाच्या ओळखीच्या नाही, अशा दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून पूर्ण मराठी भाषांतर लेखी करून घ्या. शेवटी 'मला वाचून दाखवलं, समजलं' असं वाक्य असतंच. एकदा त्याखाली सही झाली की 'मला कन्नड येत नव्हतं' हे म्हणणं फार दुबळं पडतं. आणि नोंदणीकृत हक्कसोड फसवणुकीने झाल्याचं कळल्यावर रद्द करून घ्यायला तीनच वर्षांची मुदत.

वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. खानापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 15100 वर फोन करूनही चौकशी होते. जाताना वडिलांचा मृत्यू दाखला, वडिलांचं नाव असलेला तुमचा शाळेचा दाखला, लग्नानंतर नाव बदललं असल्यास त्याचा कागद, चालू उतारे आणि 2012 ची एम. आर. फाईल सोबत न्या. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. प्रतिवादीचा वकील पहिला प्रश्न तिथेच विचारतो.