नाटकानंतर मंडळाकडे उरलेले पैसे राखून ठेवावेत का, आणि किती?

तुमच्या गावच्या नाट्य मंडळाकडे मंडईच्या (दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेच्या) नाटकानंतर रक्कम उरली आहे. काही जण म्हणतात यंदाच खर्चू, काही म्हणतात साठवू. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशाच एका मंडळाचा जमाखर्च पाहतो. माझं ठाम मत आहे की एक नाटक पूर्ण बुडालं तरी पुढच्या वर्षीचं उभं राहील, एवढे पैसे बँकेत असायलाच हवेत.

महिन्याच्या खर्चावरून गंगाजळी, म्हणजे राखीव रक्कम, ठरवणं आपल्याकडे जमत नाही, कारण झाडीपट्टीत (पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात) मंडळाची कमाई एका रात्रीची असते. वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) व्यावसायिक नाटक कंपनीला इसार आधीच द्यावा लागतो, मंडप-लाइट-साउंडचे पैसेही ठरलेले. तिकीटविक्री मात्र धानाचे चुकारे (विक्रीचे पैसे) हातात आले का आणि त्याच रात्री शेजारच्या गावात कोणतं नाटक आहे, यावर. त्यात अवकाळी पाऊस आला तर गेलंच सगळं. समजा खर्च दीड लाख आणि चांगल्या वर्षी तिकिटांचे दोन लाख येतात. म्हणजे एक बुडालेलं वर्ष भरून काढायला तीन चांगली वर्षं लागतात. तेवढा दम धरायला सदस्यांना समजावा.

31 मार्चच्या शिल्लकेवर भुलू नका. हंगाम नुकताच संपलेला असतो, त्यामुळे वर्षातला सगळ्यात फुगलेला आकडा नेमका ताळेबंदात उतरतो. पुढच्या हंगामापर्यंतचं भाडं, वीजबिल, ऑडिटची फी, नवा इसार हे सगळं त्यातूनच जायचं असतं. सर्वसाधारण सभेत ते आधी वजा करून दाखवा. पैसा गावाचा आहे, गावाला खरा आकडा कळलाच पाहिजे.

मंडळ नोंदणीकृत असेल तर शिल्लक सदस्यांत वाटता येत नाही, आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ऑडिट अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आयकर सवलतीची नोंदणीही घेतली असेल, तर साधारण 85 टक्के उत्पन्न त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करायचं असतं. जास्त राखायचं असेल तर कारण नमूद करून वेगळा अर्ज भरावा लागतो. तो मुदतीत जाईल हे सीएकडून पाहून घ्या.

गावात व्याजाने पैसे फिरवायची पद्धत मात्र आजच बंद करा. ओळखीच्या माणसाकडे मंडळाची वसुली होत नाही, भांडणं होतात. ठराव करून मुदत ठेव करा, दोन सह्यांची. ती दसऱ्याच्या आधी संपेल अशी ठेवा, म्हणजे इसाराच्या वेळी मोडावी लागणार नाही. गंगाजळी एकदा पूर्ण झाली की वरचे पैसे वाचनालयाला, व्यायामशाळेला लावा.