विचारा तर खरं : चंद्रावरचा सातबारा

मागच्या अंकात चांद्रयान-३ च्या थर्मामीटरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, या वेळी टपालात चंद्राशिवाय विषय नाही. नवीन वाचकांसाठी सांगतो : मी खगोलशास्त्रज्ञ नाही. दिंडोरी रोडवरच्या मेरीत, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांच्या मातीचे नमुने तपासण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे चंद्राकडे बघतानाही मला आधी जमीनच दिसते. राशी आणि ग्रहदशा हव्या असतील त्यांनी मागचं पान उघडावं.

सिन्नरहून एक वाचक : जावयाने लग्नाच्या वाढदिवसाला आम्हाला चंद्रावर एक एकर जमीन घेऊन दिली. सोनेरी कागदावर सर्टिफिकेट आहे, अक्षांश-रेखांशही आहेत. पुढेमागे वस्ती झाली तर भाव येईल का?

जावई हौशी आहे, त्याला दुखवू नका. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावा. फक्त ते घेऊन बँकेत कर्ज मागायला जाऊ नका. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातलं दुसरं कलम स्वच्छ आहे : चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. वापर केला म्हणून नाही, ताबा घेतला म्हणून नाही, आणखी कुठल्या मार्गानेही नाही. भारत, अमेरिका, रशिया, चीन सगळे त्यात आहेत. जिथे सरकारच मालक नाही तिथलं खरेदीखत तुम्हाला कोण करून देणार? तलाठी नाही, फेरफार नाही, सातबारा नाही.

भांडण होईल ते वेगळ्याच गोष्टीवरून. जमीन कुणाची नाही हे ठीक, पण तिच्यातून खणून काढलेला बर्फ कुणाचा? अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आपल्या कंपन्यांना अशा मालावर हक्क देऊन टाकला. भारताने जून २०२३ मध्ये ज्यावर सही केली त्या अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारातही, खणणं म्हणजे आपोआप मालकी सांगणं नव्हे, असं म्हटलंय. शिवाय कामाच्या जागेभोवती सुरक्षा क्षेत्र आखायची सोय आहे. चीन आणि रशिया त्या करारात नाहीत. बांध कोरण्यावरून पुढे काय होतं, हे सिन्नरकरांना मी काय सांगू?

इंदिरानगरमधून एक आई : २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं ठरलंय म्हणतात. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या हयातीत लोक तिथे राहायला जातील का?

जातील, पण बिऱ्हाड घेऊन नाही, ड्यूटीवर. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसं चंद्रावर चालली. त्यातला सगळ्यात लांबचा मुक्काम अपोलो-१७ चा, तीन दिवस आणि वर काही तास. अमेरिकेची आर्टेमिस मोहीम दक्षिण ध्रुवाकडे डोळा ठेवून आहे, चीनला २०३० च्या आत माणूस उतरवायचाय आणि पुढे रशियाबरोबर तळ उभारायचाय. तीन दिवसांचे आधी काही आठवडे होतील, मग काही महिने.

त्याचं रूप कसं असेल ते नाशिककराला कळायला अवघड नाही. कुंभमेळ्याला तपोवनात साधुग्राम उभं राहतं : रस्ते, नळ, दिवे, दवाखाना, भंडारे, सगळं. बघणाऱ्याला वाटावं गाव वसलं. पण पाणी शहराचं, धान्य बाहेरचं, आणि पुरवठा बंद पडला तर चार दिवसांत मैदान मोकळं. चंद्रावरचा तळ बरीच वर्षं असाच पृथ्वीच्या जिवावर चालेल. माणसं पाळीने येतील, पाळी संपली की घरी.

संसार मांडायचा प्रश्न शरीरावर येऊन अडतो. अवकाश स्थानकात वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते; म्हणून तिथले लोक रोज दोन तास व्यायाम करतात. चंद्रावर वजन सहावा हिस्सा. तेवढं हाडांना पुरतं का, पोटातलं बाळ त्यात नीट वाढतं का, हे तपासल्याशिवाय तिथे पाळणा हलवणं मला तरी क्रूरपणा वाटतो. तुमच्या मुलीला खाणकाम, पंप, व्हॉल्व्ह यांत गोडी असेल तर तिला तिकडे जायची संधी मिळू शकेल. नुसतं चांदणं आवडत असेल तर ब्रह्मगिरी बरा.

सातपूरहून एक कामगार : चंद्रावर कोट्यवधी टन पाणी सापडलंय, असं मुलाने मोबाइलवर दाखवलं. मग अडचण कसली?

हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो. २००८ साली गेलेल्या चांद्रयान-१ वर नासाचं एक छोटं रडार होतं. त्याने उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसेक विवरांत बर्फाच्या खुणा पाहिल्या आणि २०१० मध्ये अंदाज आला, किमान ६० कोटी टन. आमच्या खात्याच्या हिशेबात हे झालं एकवीस टीएमसी, म्हणजे जायकवाडीचा एक पंचमांश. (ते वर अडवायचं की खाली सोडायचं, यावरून तिथे अजून मोर्चे निघालेले नाहीत.) पण हा अर्थ सगळ्यांना मान्य नाही. खडबडीत दगडांवरूनही रडारला तसाच प्रतिसाद मिळू शकतो.

त्याहून भरवशाचं माप ९ ऑक्टोबर २००९ चं. नासाने रॉकेटचा रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस विवरात मुद्दाम आपटला आणि उडालेल्या धुरळ्यात काय आहे ते मागून येणाऱ्या यानाने पाहिलं. पाणी निघालं वजनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास, त्यातही जवळजवळ तीन टक्के इकडेतिकडे. म्हणजे टनभर माती तापवा तेव्हा चार हंडे भरतील. सोबत अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड आणि पारा फुकट.

आणि ही माती आहे कुठे? चंद्राचा आस जेमतेम दीड अंश कललेला, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाला कधीच ऊन लागत नाही. तापमान उणे दोनशेच्याही खाली. तिथे सोलर पॅनेल निरुपयोगी, वंगण गोठतं, रबराची सील काचेसारखी तडकतात. वीज वरच्या कड्यावरून आणावी लागेल, कारण काही कड्यांवर वर्षातला बराचसा काळ ऊन असतं. नाहीतर अणुभट्टी. नासाने ज्या भट्टीचे आराखडे मागवले होते ती ४० किलोवॅटची, म्हणजे शेतातल्या पाच एचपीच्या दहा मोटारी चालतील एवढी. त्यात खणणं, तापवणं, वाफ धरणं, पारा काढणं, आणि माणसांची हवा-दिवे वेगळेच.

पिण्यापुरत्या पाण्यासाठी मात्र एवढा आटापिटा नको. अवकाश स्थानकात घाम, लघवी, श्वासातली वाफ गाळून ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने २०२३ मध्ये जाहीर केलं. बर्फ हवाय तो मुख्यतः रॉकेटसाठी : त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा केला की झालं इंधन.

मला खटकतं ते असं. धरणाची जागा ठरवताना ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घेतल्याशिवाय, बोअर मारून कोअर (आतून निघालेला नमुना) पेटीत मांडून बघितल्याशिवाय कुणी रेघ ओढत नाही. इथे तळांची रंगीत चित्रं छापून झाली, आणि त्या कायमच्या सावलीत आजवर कुणी फावडं घातलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये एका खासगी कंपनीचं यान ड्रिल घेऊन दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते आडवं पडलं. ड्रिल फिरलं, पण मातीत नाही. आता भारत-जपानची चांद्रयान-५ मोहीम मंजूर झालीय : लँडर आपला, रोव्हर जपानचा, त्यावर ड्रिल. त्या बोअरचा लॉग (थरांची नोंद) हातात येईपर्यंत माझ्यापुरतं एकवीस टीएमसी हे कागदावरचं पाणी.

देवळाली कॅम्पहून एक बांधकाम ठेकेदार : घरं कशाची बांधणार? सिमेंट इथून न्यायचं का?

साहेब, तुमच्या प्रश्नाने माझा दिवस गोड केला. सिमेंट नेणं परवडणार नाही. तिथलीच माती वापरायची. ती कशी आहे ऐका. प्रयोगशाळेत आमची सगळ्यात बारीक चाळणी ७५ मायक्रॉनची. चंद्रावरची साधारण निम्मी माती तिच्यातून खाली पडेल. आपल्याकडे एवढी बारीक माती म्हटली की गाळ आठवतो, बोटांना मऊ लागणारा. तिकडे ना वारा, ना पाणी, कणांच्या कडा झिजवायला कुणीच नाही. प्रत्येक कण धारदार. अपोलोच्या मंडळींचे हातमोजे आणि पोशाखाचे सांधे तिने घासून काढले, आणि अपोलो-१७ चा भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यानात आलेल्या धुळीने शिंकून बेजार झाला. वरचा थर भुसभुशीत, पण हातभर खाली इतकी घट्ट की १९७१ मध्ये अपोलो-१५ चं ड्रिल ठरलेल्या तीन मीटरच्या निम्म्यावरच अडलं. पायाला उत्तम, खोदाईला वैताग.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोबरोबर २०२० मध्ये एक गमतीदार प्रयोग मांडला. चंद्राच्या मातीसारखी कृत्रिम माती, त्यात एक जिवाणू, युरिया आणि बांधायला गवारीचा डिंक. जिवाणू चुनखडी तयार करतो, कण चिकटतात, वीट होते. तिची ताकद कशी टिकते, उणे शंभर आणि अधिक शंभर अंशांच्या फेऱ्यांत तिला भेगा पडतात का, ही परीक्षा मोठी आहे.

विटेपेक्षा मला माती नुसती वर ओढून घेणं जास्त पटतं. चीनच्या चांग-ई-४ ने मोजलेला किरणोत्सार पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे दोनशे पट. दोन-तीन मीटर मातीचा थर तो बराचसा अडवतो. उष्णतेचंही तेच : चांद्रयान-३ ने टोचलेल्या थर्मामीटरला वर पन्नास अंशांहून जास्त आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली उणे दहाच्या आसपास मिळालं. एवढी रोधक माती मी नोकरीत पाहिली नाही. लाव्हाच्या नैसर्गिक गुहाही आहेत. चांद्रयान-१ च्या छायाचित्रांत अहमदाबादच्या शास्त्रज्ञांना पावणेदोन किलोमीटरची एक सापडली. पण ती विषुववृत्ताकडे आणि बर्फ ध्रुवावर. घर एकीकडे, पाणी दुसरीकडे. पेठ-सुरगाण्याच्या बायांना यात नवल वाटणार नाही.

पिंपळगाव बसवंतहून एक बागायतदार : द्राक्षं होतील का? थट्टा नाही, खरंच विचारतो.

थट्टा करायचीच तर एवढीच करतो : तिथे ऋतूच नाहीत, मग ऑक्टोबर छाटणीला ऑक्टोबर कुठून आणणार?

बाकी गंभीरपणे. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलोच्या खऱ्या मातीत मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप लावलं. एका रोपाला ग्रॅमभर माती. बी सगळं उगवलं, पण नंतर रोपं खुरटली, काहींवर लाल-जांभळी झाक आली. तुम्ही नुसतं पान बघून ताण ओळखाल, तसाच ताण. त्या मातीत नत्र नाही, सेंद्रिय कर्ब नाही, अॅल्युमिनियम-लोह भरपूर. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या यानात बंद डब्यात सरकीला कोंब फुटला होता. चौदा दिवसांची रात्र सुरू झाली आणि थंडीने गेला.

तेव्हा शेती होईल ती मातीत नाही, पाण्यावर, एलईडीखाली, आणि पालेभाजी-कडधान्याची. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकात गेले तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी उगवून पाहिली, ती दिशा बरोबर. वेलीला लागणारी जागा, पाणी आणि मांडव बघता द्राक्षाचा नंबर फार उशिरा. निर्यातीची काळजी करू नका.

पंचवटीतल्या एका आजींनी नातीकडून लिहून पाठवलंय : तिकडे संकष्टीला चंद्रोदय कसा बघायचा?

आजी, उपास सुटायचा नाही! पायाखाली चंद्रच. तिथून आकाशात आपली पृथ्वी दिसते, पण ती उगवत-मावळत नाही. एकाच जागी ठाण मांडून असते. दक्षिण ध्रुवाजवळ क्षितिजाला टेकलेली, महिन्याभरात थोडी वर, थोडी खाली. आपली पौर्णिमा असते तेव्हा तिथून पृथ्वी काळी, आणि आपल्या अमावस्येला ती पूर्ण भरलेली. कॅलेंडरात नाशिकची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तीच धरावी.

थोडक्यात. कॉलेज रोडवरच्या विद्यार्थ्याला : हेलियम-३ (भविष्यातलं इंधन म्हणून गाजणारा, चंद्राच्या मातीत अगदी थोडा असलेला वायू) मिळवायला एका किलोमागे लाखाच्या घरात टन माती तापवावी लागेल, आणि ते जाळून वीज देणारी भट्टी जगात कुठेच नाही, तो आणू म्हणणाऱ्या कंपनीचे शेअर घेऊ नकोस. नाशिक रोडच्या वाचकांना : चंद्रावर फोन लागेल, पण आवाज जायला सव्वा सेकंद, उत्तर यायला तेवढाच, दोघांनी एकदम बोलायची सवय सोडावी लागेल.

ओझरच्या वाचकांनी विचारलंय, संधी मिळाली तर तुम्ही जाल का? मी नाही. पण कॅबियसच्या तळातली किलोभर माती कुणी आणणार असेल तर ओव्हन १०५ अंशांवर लावून ठेवतो. फक्त डबा सीलबंद आणि गारठलेला हवा, नाहीतर बर्फ वाटेतच उडून जाईल आणि ओलाव्याची टक्केवारी चुकेल.